सहा इमारतींच्या महाविद्यालयासाठी नेटवर्कचे तीन स्तर हवेत की दोन पुरतील?

प्रयोगशाळा_प्रमुख (प्रश्न)

नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात मी काम करते आणि गेल्या वर्षापासून संपूर्ण परिसराच्या नेटवर्कची जबाबदारीही माझ्याकडे आली आहे. मुख्य इमारत, कार्यशाळा, ग्रंथालय, प्रशासकीय इमारत आणि दोन वसतिगृहे अशा सहा इमारती आहेत. केबलने जोडलेले सुमारे ५०० संगणक, ६० वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंट आणि ८० कॅमेरे आहेत. विद्यार्थ्यांचे मोबाइल व लॅपटॉप वेगळेच.

सध्याचे नेटवर्क जसजशी इमारत उभी राहिली तसतसे वाढत गेले आहे. मुख्य इमारतीतून ग्रंथालयाला, तिथून कार्यशाळेला, तिथून वसतिगृहाला अशी एकामागून एक स्विचची साखळी आहे आणि सगळी उपकरणे एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात) आहेत. मागच्या सत्रात वसतिगृहातील एका खोलीत एकाच केबलची दोन्ही टोके भिंतीवरच्या दोन पोर्टमध्ये लावली गेली आणि त्याच वेळी मुख्य इमारतीत चालू असलेली ऑनलाइन परीक्षा बंद पडली. त्यानंतर नव्या नेटवर्कसाठी निधी मंजूर झाला.

एका पुरवठादाराने तीन स्तरांचा आराखडा दिला आहे. त्यात २ कोअर स्विच, प्रत्येक इमारतीत २ याप्रमाणे १२ डिस्ट्रिब्यूशन स्विच आणि १८ अ‍ॅक्सेस स्विच आहेत. किंमत आमच्या निधीच्या बरीच पुढे जाते. आमच्या आकाराच्या परिसराला तिन्ही स्तर खरोखर आवश्यक आहेत का? दोन स्तर ठेवले तर नेमके काय गमावावे लागेल? आणि इमारतींमधील फायबर मध्यवर्ती खोलीतून ताऱ्यासारखे पसरवावे की रिंग करावी?

आराखडाकार

आपल्या परिसराला आज दोन स्तर पुरेसे आहेत. मात्र ते का पुरेसे आहेत हे स्पष्ट असले तरच पुरवठादारासमोर आणि खरेदी समितीसमोर आपली बाजू भक्कम राहील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तीन स्तरांच्या रचनेत प्रत्येक स्तराला वेगळे काम नेमून दिलेले असते. अ‍ॅक्सेस स्तरावरचा स्विच वापरकर्त्याला जोडून घेतो, त्याला योग्य व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) टाकतो, आणि कॅमेरा किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर त्याला नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवतो. डिस्ट्रिब्यूशन स्तर अनेक अ‍ॅक्सेस स्विचना एकत्र आणतो. व्हीलॅनचा गेटवे (त्यातून बाहेर जाण्याचे दार) तिथे असतो, कोणी कोणापर्यंत पोहोचावे याचे नियम तिथे लागतात, आणि मॅक पत्त्यांवर (उपकरणांच्या हार्डवेअर पत्त्यांवर) चालणारे लेयर-२ स्विचिंग तिथे संपून आयपी पत्त्यांवर चालणारे लेयर-३ राउटिंग सुरू होते. कोअर स्तराने केवळ एका डिस्ट्रिब्यूशनकडून आलेले पॅकेट दुसऱ्याकडे शक्य तितक्या लवकर पोहोचवायचे असते. तिथे गाळणीचे नियम नसावेत आणि कोणाचा संगणकही थेट जोडलेला नसावा.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय लेयर-२ ची हद्द कुठे संपवायची हा आहे. आपल्या परीक्षेच्या वेळी जे घडले ते स्विच स्वस्त होते म्हणून घडले नाही. वसतिगृहातील खोली आणि परीक्षेची प्रयोगशाळा एकाच ब्रॉडकास्ट क्षेत्रात (सर्वांना पाठवलेला संदेश जिथपर्यंत पोहोचतो त्या भागात) होत्या म्हणून घडले. नवे, महागडे ३२ स्विच घेऊन जर पुन्हा सगळा परिसर एकाच सबनेटमध्ये ठेवला, तर तोच प्रसंग पुन्हा येऊ शकतो.

आता स्वतंत्र कोअर स्तर कधी लागतो ते पाहू. डिस्ट्रिब्यूशनचे गट थेट एकमेकांना जोडायचे ठरवले, तर ६ गटांना १५ जोडण्या लागतात, १० गटांना ४५ आणि २० गटांना १९०. मध्ये दोन कोअर स्विच ठेवून प्रत्येक गट त्या दोघांना जोडला, तर याच जोडण्या अनुक्रमे १२, २० आणि ४० होतात. म्हणजे कोअरचा खरा फायदा गट वाढल्यावर दिसतो. आपल्याकडे १८ अ‍ॅक्सेस स्विचसाठी १२ डिस्ट्रिब्यूशन स्विच सुचवले आहेत, म्हणजे सरासरी तीन स्विच सांभाळायला दोन मोठे स्विच. हे प्रमाण मला मुळीच पटत नाही.

त्याऐवजी मुख्य इमारतीच्या सर्व्हर खोलीत लेयर-३ चे दोन स्विच ठेवावेत, ज्यांत कोअर आणि डिस्ट्रिब्यूशन ही दोन्ही कामे एकत्र असतील. प्रत्येकी १० गिगाबिटचे २४ फायबर पोर्ट असलेले स्विच घेतले आणि प्रत्येक अ‍ॅक्सेस स्विचची एकेक अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणारी जोडणी) दोघांना दिली, तर प्रत्येकावर १८ पोर्ट भरतात, २ पोर्ट त्या दोघांच्या आपसातील जोडणीला जातात आणि फायरवॉल व सर्व्हरसाठी ४ उरतात. पुढे एखादी इमारत वाढली आणि हे पोर्ट अपुरे पडू लागले, की त्या एका इमारतीत डिस्ट्रिब्यूशनची जोडी बसवून तिथले स्विच तिच्याखाली घ्यावेत. तिसरा स्तर असा गरजेतून यावा. आराखड्याच्या चित्रात शोभतो म्हणून पहिल्याच दिवशी विकत घेऊ नये.

अपलिंकच्या वेगाबद्दलही पुरवठादाराला विचारा. ४८ पोर्टच्या १ गिगाबिट स्विचला १ गिगाबिटच्या दोन अपलिंक दिल्या, तर कमाल मागणी आणि क्षमता यांचे प्रमाण २४ ला १ होते. अ‍ॅक्सेसपासून वर २० ला १ आणि डिस्ट्रिब्यूशनपासून कोअरपर्यंत ४ ला १ हे सिस्कोच्या कॅम्पस आराखड्यांतील जुने ठोकताळे आहेत. १० गिगाबिटच्या दोन अपलिंकने हेच प्रमाण २.४ ला १ वर येते. प्रयोगशाळांत एकाच वेळी सर्व संगणकांवर नवी प्रणाली चढवायची असते, म्हणून तिथे १० गिगाबिट घ्यावे. प्रशासकीय इमारतीला तूर्त १ गिगाबिट सहज पुरेल.

पत्त्यांची मांडणी मात्र पहिल्याच दिवशी स्तरांप्रमाणे करा, कारण ती नंतर बदलणे फार त्रासाचे असते. खासगी पत्त्यांसाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटविषयक दस्तऐवजामध्ये राखून ठेवलेल्या गटांपैकी १०.२०.०.०/१६ परिसरासाठी घ्या (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा तितका पत्त्यांचा गट लहान). त्याचे /२० चे सोळा तुकडे पडतात. पहिल्या इमारतीला १०.२०.०.०/२०, दुसरीला १०.२०.१६.०/२०, तिसरीला १०.२०.३२.०/२० असे वाटप केले, तर प्रत्येक इमारतीला /२४ ची सोळा सबनेट मिळतात आणि दहा तुकडे भविष्यासाठी उरतात. पुढे एखाद्या इमारतीत डिस्ट्रिब्यूशनची जोडी आली, तर ती संपूर्ण इमारत बाकीच्या नेटवर्कला एकाच मार्गाने जाहीर करता येते आणि फायरवॉलमधील नियमही इमारतीगणिक एका ओळीत लिहिता येतो. या विचाराला भक्कम गणिती आधार आहे. लेनर्ड क्लाइनरॉक आणि फारूक कामून यांनी १९७७ मध्येच दाखवले होते की, योग्य प्रकारे स्तर पाडले तर राउटिंगच्या तक्त्यातील नोंदी नोड्सच्या (नेटवर्कमधील जोडबिंदूंच्या) संख्येइतक्या न वाढता तिच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतात. हजार नोड्ससाठी हा आकडा जेमतेम १९ च्या आसपास येतो.

राउटिंग_अभ्यासक

आराखडाकार यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त लेयर-२ ची हद्द ते जिथे ठेवतात त्याहून मी ती आणखी खाली आणेन.

आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आठ बिटांचा आकडा असतो, जो प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते. त्यामुळे राउटिंगमध्ये चुकून लूप (फिरून त्याच जागी येणारा मार्ग) झाला तरी एक पॅकेट कायमचे फिरत राहत नाही. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा कोणताही आकडा नाही. लूप झाला की ब्रॉडकास्ट फ्रेम फिरत राहते, प्रत्येक स्विचपाशी तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळ्या लिंक भरून जातात. हे थांबवण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास स्पॅनिंग ट्री ही पद्धत तयार केली, जी अतिरिक्त लिंक बंद ठेवून लूप तोडते. मूळ ८०२.१डी मानकाप्रमाणे एखादी लिंक तुटल्यावर पर्यायी मार्ग सुरू व्हायला ३० ते ५० सेकंद लागत; २००१ च्या ८०२.१डब्ल्यू नंतर हा वेळ पुष्कळ कमी झाला. परंतु मूळ मानकातील वेळांची गणना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा जास्त स्विच नसतील असे धरून केलेली होती, आणि साखळीने वाढणारी नेटवर्क ही मर्यादा कोणाच्या लक्षात येण्याआधीच ओलांडतात.

बॉस्टनमधील बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये नेमके हेच झाले. तिथले नेटवर्क वर्षानुवर्षे जोडले जात लेयर-२ चे एकच मोठे जाळे बनले होते. स्पॅनिंग ट्रीचे गणित कोलमडले, लूप निर्माण झाले आणि रुग्णालयाला काही दिवस कागदावर कामकाज करावे लागले. तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी हा अनुभव लपवून न ठेवता जाहीरपणे मांडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण त्यातून जगभरातील नेटवर्क अभियंत्यांना शिकता आले. उपाय म्हणून तिथे सपाट जाळे मोडून राउटिंगवर आधारलेली, स्तर असलेली रचना उभारण्यात आली.

म्हणून आपल्याला माझी सूचना अशी आहे की, कोणतेही व्हीलॅन एका अ‍ॅक्सेस स्विचच्या बाहेर पसरू देऊ नका आणि वरच्या दोन स्विचमधील आपसातील जोडणी लेयर-३ ठेवा. असे केले की अपलिंकमध्ये लूप तयारच होत नाही, म्हणून स्पॅनिंग ट्रीला एकही लिंक बंद ठेवावी लागत नाही. गेटवेसाठी व्हीआरआरपी (एक स्विच बंद पडल्यास दुसऱ्याने गेटवे चालवण्याची पद्धत) वापरून निम्म्या व्हीलॅनचा मुख्य गेटवे पहिल्या स्विचवर आणि उरलेल्यांचा दुसऱ्यावर ठेवावा. निधी असेल तर राउटिंग थेट अ‍ॅक्सेस स्विचपर्यंत न्यावे आणि ओएसपीएफ (राउटरनी मार्ग आपोआप शोधण्याची पद्धत) चालवावे. मात्र काही उत्पादक त्यासाठी वेगळा परवाना विकतात, तेव्हा दरपत्रकात ते आधी पाहून घ्या.

स्पॅनिंग ट्री तरीही बंद करू नका. खोलीतील विद्यार्थी पुन्हा दोन पोर्ट एकमेकांना जोडू शकतोच. अ‍ॅक्सेस पोर्टवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा संदेश आत आला की पोर्ट बंद करणारी सोय) आणि ब्रॉडकास्टवर मर्यादा घालणारे स्टॉर्म कंट्रोल लावले, तर ते पोर्ट बंद होईल आणि बाकी इमारतीला काही कळणारही नाही. त्यासोबत डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) फक्त अधिकृत सर्व्हरकडूनच चालू देणारे डीएचसीपी स्नूपिंग लावावे, म्हणजे वसतिगृहात कोणी घरचा वाय-फाय राउटर उलटा जोडला तरी तो इतरांना चुकीचे पत्ते वाटू शकणार नाही.

डेटा_सेंटरवाला

तीन स्तरांची पद्धत आता जुनी झाली असून सगळीकडे स्पाइन-लीफ रचना येत आहे, असे मी अनेक ठिकाणी वाचतो. मग नवे नेटवर्क उभारताना तीच का घेऊ नये?

राउटिंग_अभ्यासक

स्पाइन-लीफ ही रचना डेटा सेंटरच्या गरजेतून रूढ झाली. तिथे बहुतांश वाहतूक सर्व्हरकडून सर्व्हरकडे जाते, म्हणून प्रत्येक लीफ स्विच प्रत्येक स्पाइन स्विचला जोडून सर्व मार्ग एकसमान ठेवतात. तिचे मूळ बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेल्या रचनेत आहे, आणि मोठ्या डेटा सेंटरमध्ये ती बीजीपी या राउटिंग पद्धतीवर कशी चालवावी याचे विवेचन २०१६ च्या आरएफसी ७९३८ मध्ये आहे. महाविद्यालयात मात्र वाहतूक मुख्यतः वापरकर्त्याकडून इंटरनेटकडे किंवा सर्व्हर खोलीकडे जाते. बारकाईने पाहिले तर वर सुचवलेली रचना, ज्यात प्रत्येक अ‍ॅक्सेस स्विच दोन्ही मध्यवर्ती स्विचना जोडलेला आहे, आकाराने दोन स्तरांच्या स्पाइन-लीफच्या जवळच जाते. तेव्हा नावावरून वाद घालण्याचे कारण नाही.

रॅक_आणि_केबल

आतापर्यंतची चर्चा उत्तम आहे, पण कागदावरची दुहेरी व्यवस्था जमिनीखाली एकेरी ठरू नये म्हणून मी प्रत्यक्ष जोडणीबद्दल लिहितो.

दोन अपलिंक एकाच फायबर केबलमधील वेगवेगळ्या तंतूंवर चालवल्या आणि नळाच्या कामासाठी आलेल्या जेसीबीने ती केबल तोडली, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की, चर आणि पाइप रिंगसारखे घालावेत आणि त्यांतून जाणाऱ्या जोडण्या ताऱ्यासारख्या ठेवाव्यात. प्रत्येक इमारतीची पहिली अपलिंक रिंगच्या एका बाजूने आणि दुसरी विरुद्ध बाजूने सर्व्हर खोलीत यावी. एका अपलिंकला दोन तंतू लागतात. चार स्विच असलेल्या वसतिगृहाला प्रत्येक बाजूने आठ तंतू पुरतात, तरीही २४ तंतूंची केबल घ्यावी, कारण खर्च मुख्यतः खोदकामाचा असतो. सिंगल मोड फायबर घ्या. मल्टिमोडच्या ओएम-३ प्रकारावर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंतच जाते, तर सिंगल मोडवर नेहमीच्या मॉड्यूलने १० किलोमीटरपर्यंत.

इमारतींदरम्यान तांब्याची केबल मुळीच टाकू नये. शंभर मीटरची मर्यादा हे त्याचे एक कारण आहे, पण त्याहून मोठे कारण वीज पडण्याचे आहे. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर त्या केबलमधून दोन्ही टोकांचे स्विच जळू शकतात. आपल्या सध्याच्या साखळीत अशी एखादी केबल असेल, तर नव्या नेटवर्कची वाट न पाहता ती आधी काढावी.

विजेचा हिशेबही स्तराप्रमाणेच करावा लागतो. ८०२.३एटी मानकाप्रमाणे एका पोर्टमधून ३० वॅटपर्यंत वीज देता येते, परंतु बाजारातील अनेक स्विचची एकूण क्षमता ३७० वॅटच्या आसपास असते, म्हणजे पूर्ण ३० वॅट मागणारी जेमतेम १२ उपकरणे. कॅमेरे बरेच कमी घेतात, नवे अ‍ॅक्सेस पॉइंट जास्त घेतात. प्रत्येक स्विचची बेरीज वेगळी करा आणि त्यावरून त्या रॅकचा यूपीएस ठरवा. सर्व्हर खोलीतील दोन्ही मध्यवर्ती स्विच वेगवेगळ्या यूपीएसवर असावेत. शक्य असेल तर दुसरा स्विच ग्रंथालयातच बसवावा, म्हणजे सर्व्हर खोलीत पाणी शिरले किंवा आग लागली तरी बाकी इमारती आपसात जोडलेल्या राहतील.

जिल्हा_जालक

शासकीय नेटवर्कमध्ये बरीच वर्षे काम केल्यामुळे रॅक_आणि_केबल यांच्या रिंगच्या मुद्द्याला एक मोठे उदाहरण जोडावेसे वाटते. २००५ मध्ये मंजूर झालेली राज्यव्यापी नेटवर्कची स्वान योजना राज्य मुख्यालय, जिल्हा आणि तालुका अशी सरळ उतरत्या स्तरांची होती. २०११ मध्ये मंजूर होऊन पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने त्याखाली ग्रामपंचायतीचा स्तर आणला. तिच्या सुरुवातीच्या टप्प्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची रचना मुख्यतः रेषेसारखी होती, त्यामुळे रस्त्याच्या कामात फायबर तुटले की त्यापुढच्या ग्रामपंचायतींना दुसरा मार्गच उरत नसे. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, त्यात रिंग रचनेवर भर आहे.

स्तर पाडल्याने जबाबदाऱ्या स्पष्ट होतात आणि बिघाड शोधणे सोपे होते, परंतु फांद्याफांद्यांच्या झाडात प्रत्येक टोकाला एकच मार्ग असतो. पर्यायी मार्ग वेगळा खर्च करून मुद्दाम घालावा लागतो. निधी कमी पडत असेल तर डिस्ट्रिब्यूशनचे १२ स्विच वगळून वाचणारा पैसा दुसऱ्या बाजूच्या चरासाठी वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रयोगशाळा_प्रमुख

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. व्हीलॅन एकेका स्विचपुरते ठेवले, तर वाय-फायवर बोलत चालत जाणाऱ्या प्राध्यापकांचे कॉल मजला बदलताच तुटतील का? आणि परीक्षा चालू असताना जुन्या नेटवर्कवरून नव्यावर कोणत्या क्रमाने जावे?

आराखडाकार

केबलवरच्या व्हीलॅनचा नियम वाय-फायला जसाच्या तसा लावण्याची गरज नाही. कंट्रोलरवर (सर्व वाय-फाय उपकरणे सांभाळणाऱ्या मध्यवर्ती यंत्रावर) आधारलेल्या वाय-फायमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट वापरकर्त्याची वाहतूक बोगद्यातून थेट कंट्रोलरपर्यंत नेतो, म्हणून मजला बदलला तरी वापरकर्त्याचा आयपी पत्ता तोच राहतो आणि खालच्या स्विचना त्या व्हीलॅनची माहितीही लागत नाही. सगळी वाहतूक कंट्रोलरमधून जाणार असल्याने त्याची क्षमता आणि त्याचा राखीव जोडीदार यांची किंमत आधी विचारा. ती परवडत नसेल, तर वाय-फायपुरते व्हीलॅन एका इमारतीच्या आत पसरू द्यावे आणि त्याची सीमा इमारतीच्या दारापाशी संपवावी. तिथे मात्र लूप शक्य होतो, म्हणून स्पॅनिंग ट्रीचे मूळ (ज्या स्विचपासून मार्गांचे झाड सुरू होते ते स्थान) मध्यवर्ती स्विचवर स्वतः निश्चित करून ठेवा. ते आपोआप ठरू देऊ नका. इमारतींमधील मोकळ्या जागेत बहुधा सिग्नल असाही तुटतो, त्यामुळे इमारत बदलताना पत्ता बदलला तरी तक्रार येणार नाही.

स्थलांतरासाठी प्रथम नवे मध्यवर्ती स्विच जुन्या नेटवर्कच्या बाजूला उभे करा आणि जुने नेटवर्क त्यांना एकाच, लेयर-३ च्या जोडणीने जोडा. त्यानंतर एकेक इमारत हलवा. पहिली वसतिगृहे घ्यावीत, कारण धोका तिथूनच येतो आणि सुट्टीत ती रिकामी असतात. परीक्षेची प्रयोगशाळा सर्वांत शेवटी, निकाल लागल्यानंतर. डीएचसीपीची मागणी ब्रॉडकास्ट असल्याने ती राउटर ओलांडत नाही, म्हणून प्रत्येक नव्या गेटवेवर डीएचसीपी रिले (ही मागणी सर्व्हरकडे पुढे पाठवणारी सोय) लावल्याची खात्री करा. इमारत हलवल्यावर कोणालाच पत्ता मिळत नाही ही तक्रार बहुतेक वेळा तेवढ्यावरूनच येते. कॅमेऱ्यांना आणि प्रिंटरना हाताने दिलेले जुने पत्ते आधीच तक्त्यात नोंदवून ठेवा.

आणि खरेदीच्या आदेशातच चाचणीच्या अटी लिहून घ्या. प्रत्येक इमारतीत संगणकावरून सतत पिंग (जोडणी चालू आहे का ते तपासणारा छोटा संदेश) चालू ठेवून पुरवठादारासमोर एक अपलिंक काढावी, मग एक मध्यवर्ती स्विच बंद करावा, मग वसतिगृहातील एका खोलीत मुद्दाम लूप करावा आणि प्रत्येक वेळी किती पिंग हुकले ते नोंदवावे. पहिल्या दोन चाचण्यांत काही सेकंदांहून अधिक खंड पडू नये आणि तिसऱ्या चाचणीत त्या पोर्टशिवाय इतर कोणालाही झळ लागू नये, या अटी पूर्ण झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.